दाढ काढल्यानंतरची मेडिकलची पिशवी: कशाला पैसे द्यावेत, कशाला नाही

दाढ काढल्यावर घरी येणाऱ्या औषधांच्या पिशवीत साधारण ठरलेला ऐवज असतो. वेदनाशामक गोळ्यांची पट्टी, अँटिबायोटिक, ॲसिडिटीची गोळी, माउथवॉशची बाटली आणि कधी ‘सूज उतरायला’ म्हणून दिलेली आणखी एक गोळी. त्यात घरचे लवंग तेलाची कुपी घालतात आणि शेजारचे हळदीचा सल्ला. यातलं निम्मं कामाचं, काही निरुपद्रवी आणि काही चक्क नुकसान करणारं असतं. निवडायची कसोटी एकच: दाताच्या जागी पडलेल्या खड्ड्यात रक्ताची जी गुठळी धरते, तिला ही वस्तू राखते की उखडते?

पुढचं मांस आणि हाड त्या गुठळीच्या आधारानंच भरतं, म्हणून ही कसोटी. पहिले २४ तास ती लिबलिबीत असते, साध्या खाकरण्यानंही निघू शकते. आठवड्याभरात तिच्या जागी कोवळं लालसर मांस येतं, ३ ते ४ आठवड्यांत हिरडी वरून मिटते आणि आतलं हाड भरायला ३ ते ६ महिने जातात. त्यामुळे पंधरा दिवसांनी खड्डा दिसतोय म्हणून घाबरायचं कारण नाही. दोन-तीन दिवसांनी खड्ड्यात पांढुरका-पिवळसर थर दिसतो. पुष्कळजण त्याला पू समजून कापसाच्या काडीनं कोरून काढायला जातात. तो बहुधा फायब्रिनचा, म्हणजे भरत आलेल्या जखमेचाच थर असतो. त्याला हात लावू नये.

गॉजपासून, म्हणजे जाळीदार कापडाच्या घडीपासून, सुरुवात करू. सगळ्यात स्वस्त वस्तू हीच आणि सगळ्यात चुकीची वापरली जाते तीही हीच. डॉक्टरांनी दिलेली घडी ३० ते ४५ मिनिटं घट्ट चावून धरायची असते, आणि तेवढा वेळ म्हणजे सलग तेवढा वेळ. दर पाच मिनिटांनी काढून ‘थांबलं का?’ बघितलं की धरू पाहणारी गुठळी घडीसोबत बाहेर येते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. दुसरी चूक जागेची. घडी खड्ड्यावर न बसता शेजारच्या दातांवर बसते, मग कितीही चावलं तरी दाब जखमेवर पडतच नाही. घडी जाड हवी, खड्ड्यावर नेमकी हवी आणि बदलताना नवी घडी पाण्यानं किंचित ओली करून पिळून घ्यावी. कोरडी घडी गुठळीला चिकटते. साधा कापूस टाळावा, त्याचे धागे जखमेत अडकतात. मेडिकलमध्ये निर्जंतुक गॉजची छोटी पाकिटं मिळतात, दोन-तीन घरात असली की पुरे.

त्यांची गरज बहुधा संध्याकाळी पडते, आणि त्यालाही कारण आहे. भुलीच्या इंजेक्शनात लिग्नोकेनसोबत ॲड्रेनलिन असतं, आपल्याकडे सहसा १:८०,००० किंवा १:२,००,००० या प्रमाणात. ते रक्तवाहिन्या आवळून धरतं. दोन-तीन तासांनी त्याचा असर ओसरला की वाहिन्या सैल होतात आणि थांबलेलं रक्त पुन्हा पाझरू लागतं. अशा वेळी सरळ बसून नवी घडी अर्धा तास चावून धरावी. गॉज संपलं असेल तर भिजवून पिळलेली चहाची टी-बॅग चालते. चहातल्या टॅनिनचा थोडा हातभार लागतो, पण खरं काम दाबाचंच. लाळ पहिला दिवसभर गुलाबी राहते, रक्ताचा एक थेंब वाटीभर लाळ रंगवतो. मात्र दोनदा अर्धा-अर्धा तास घट्ट दाब देऊनही तोंड रक्तानं भरत असेल, तर घरी बसायचं नाही. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असलेल्यांनी दाढ काढण्याआधी ते सांगायला हवं, पण गोळी मनानं बंद करायची नाही. दाढेचं रक्त दाबानं, टाक्यानं, जिलेटिनच्या स्पंजनं किंवा ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडनं थांबवता येतं. हृदयातल्या स्टेंटमध्ये धरलेली गुठळी घरी सोडवता येत नाही.

बर्फाला पैसे लागत नाहीत. मेडिकलमधला जेलपॅक, फ्रीझरमधल्या मटाराची पिशवी, रुमालात बांधलेले तुकडे, सगळं सारखंच. गालावरून, कापडातून, १५-२० मिनिटं ठेवायचा आणि तितकाच वेळ काढायचा. हे पहिल्या दिवसापुरतं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, हे आधीच ठाऊक असलं की ‘काल बरं होतं, आज गाल का फुगला?’ हा प्रश्न पडत नाही. ४८ तासांनंतर बर्फाचा उपयोग उरत नाही, तेव्हा कोमट शेक घ्यावा. पहिल्याच रात्री गरम पाण्याची पिशवी गालाला लावली तर रक्त आणि सूज दोन्ही वाढतात.

चुळा आणि बाटल्या

पहिले २४ तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही, सिगारेट तर त्यापुढेही नाही. यामागे हिशोब ओढीचा आहे. गाल आत ओढले गेले की तोंडात पोकळी तयार होते आणि गुठळी वर खेचली जाते. नारळपाणी प्यायचं तर पेल्यात ओतून प्यावं. दुसऱ्या दिवसापासून मीठ-पाणी: ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ. हे प्रमाण सलाइनच्या ०.९ टक्क्यांच्या जरा वर जातं, जखमेला सोसतं. मूठभर मीठ टाकून ‘कडक’ केलेलं पाणी पेशींतलं पाणी ओढून घेतं, नुसती आग होते. घोट तोंडात घेऊन मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलती करायची आणि बेसिनवर वाकून तोंड उघडायचं. पाणी आपसूक खाली पडतं. खळखळ गुळण्या करायच्या नाहीत. जेवणानंतर दर वेळी, आठवडाभर. पिशवीतल्या महागड्या बाटलीपेक्षा स्वयंपाकघरातलं मीठ रोजच्या कामाला जास्त उपयोगी पडतं, हे आमचं स्पष्ट मत.

महागडी बाटली म्हणजे क्लोरहेक्सिडीन. हेक्सिडीन, रेक्सिडिन, क्लोहेक्स या नावांनी मिळतं, बहुतेक ०.२ टक्के. ते बिनकामाचं मुळीच नाही. दाढ काढण्याआधी आणि नंतर क्लोरहेक्सिडीनच्या चुळा भरल्या, किंवा त्याचं ०.२ टक्के जेल खड्ड्यात घातलं, तर ड्राय सॉकेटचं, म्हणजे गुठळी जाऊन खड्ड्यातलं हाड उघडं पडण्याचं, प्रमाण घटतं, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. म्हणजे बाटलीचा खरा उपयोग आदल्या दिवसापासून, आणि आपल्याकडे ती हातात पडते दाढ निघाल्यावर. खालची अक्कलदाढ काढायची ठरली असेल तर डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवावं.

वापरायची रीत: १० मिलिलिटर, अर्धा ते एक मिनिट, दिवसातून दोनदा, चोवीस तास उलटल्यावर. टूथपेस्टमधला फेस आणणारा घटक क्लोरहेक्सिडीनला निकामी करतो, म्हणून ब्रश आणि चूळ यांत निदान अर्ध्या तासाचं अंतर. चूळ भरल्यावर लगेच चहा पिऊ नये, दातांवर तपकिरी डाग धरतात. डाग वरवरचे असतात, क्लीनिंगमध्ये निघतात, पण पंधरा दिवसांपुढे बाटली चालू ठेवली तर हमखास पडतात. जीभ बेचव होते, तीही बंद केल्यावर सुधारते. ॲलर्जी मात्र हलक्यात घ्यायची नाही. ती दुर्मीळ आहे, पण ब्रिटनमध्ये ड्राय सॉकेट क्लोरहेक्सिडीननं धुतल्यावर दोन मृत्यू झाल्याची नोंद आहे. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, धाप लागली तर बाटली तिथेच ठेवायची आणि थेट दवाखाना गाठायचा. पिचकारीनं खड्डा धुवायला क्लोरहेक्सिडीन वापरूच नये, साधं मीठ-पाणी पुरतं.

बेटाडिन गार्गल थायरॉइडच्या रुग्णांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात आयोडीन असतं. अल्कोहोल असलेले झणझणीत माउथवॉश पहिल्या आठवड्यात कपाटात राहू द्यावेत.

गोळ्या

पहिली वेदनाशामक गोळी बधिरपणा उतरण्याआधी पोटात जायला हवी. हा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा नियम. खालच्या जबड्याची भूल दोन ते पाच तास टिकते. ‘अजून दुखत नाहीये, कशाला घ्यायची?’ म्हणत थांबलं की कळ एकदम चढते आणि मग तिला खाली आणायला दुप्पट वेळ लागतो. गोळीआधी थोडा मऊ भात किंवा दही खावं. चावायचं मात्र भूल उतरल्यावर, कारण बधिर ओठ स्वतःच्याच दातांखाली सापडतो. लहान मुलांच्या बाबतीत हे फार होतं.

कुठली गोळी? आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ही जोडी दातांच्या दुखण्यावर एकेकट्या गोळीपेक्षा सरस ठरते. कॉम्बिफ्लॅममध्ये हेच आहे, आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५. झेरोडॉल-पीमध्ये आयबुप्रोफेनऐवजी ॲसिक्लोफेनॅक १००. दोन्ही चांगल्या, जेवणानंतर, ठरलेल्या अंतरानं, पहिले दोन-तीन दिवस. गोंधळ होतो तो बेरजेत. कॉम्बिफ्लॅम चालू असताना ताप वाटला म्हणून डोलो ६५० घेतली, सर्दीची गोळी घेतली, तर तिन्हीत पॅरासिटामॉल आहे. निरोगी प्रौढाला दिवसाला ४ ग्रॅमपुढे जायचं नाही; यकृताचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर मर्यादा त्याहून बरीच खाली. आणि कॉम्बिफ्लॅमसोबत झेरोडॉल कधीच नाही, दोन्ही एकाच कुळातल्या. त्यानं आराम दुप्पट होत नाही, पोट आणि मूत्रपिंड यांच्यावरचा भार वाढतो. किडनीचा विकार, पोटात अल्सर, वेदनाशामकानं उठणारा दमा, गरोदरपण किंवा डेंग्यूची शंका असेल तर या कुळाला हात न लावता नुसतं पॅरासिटामॉल, आणि डॉक्टरांशी बोलणं.

केटोरॉल डीटी दंतवैद्यांची लाडकी. केटोरोलॅक १० मिलिग्रॅम, पाण्यात विरघळते, वेगानं उतारा देते. जोरकस आहे, पण तिची लगामही तितकीच आखूड: दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या आत आणि पाच दिवसांच्या पुढे नाही. मागच्या वेळची पट्टी उरली म्हणून दहा दिवस चघळायची ती गोळी नव्हे. डिस्प्रिन नको, ॲस्पिरिननं रक्त वाहतं. ती गोळी दुखऱ्या जागी ठेवायची जुनी सवय त्याहून वाईट, कारण ॲसिडनं हिरडी पांढरी होऊन भाजते.

आता ‘सूज उतरवणाऱ्या’ गोळ्या. झेरोडॉल-एसपीतलं एसपी म्हणजे सेराशिओपेप्टिडेज, मूळ रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या जीवाणूपासून मिळालेलं एन्झाइम. कायमोरल फोर्टमध्ये ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन. डॉक्टर लिहून देतात, घेणारे श्रद्धेनं घेतात, आणि तिसऱ्या दिवसानंतर सूज तशीही उतरत असतेच. पुरावा तोकडा आहे. मिळाली तर घ्या, पण बजेट आखडतं असेल तर यादीतून पहिली हीच खोडायची.

अँटिबायोटिक हा वादाचा मुद्दा. निरोगी माणसाची साधी दाढ सुरळीत निघाली असेल तर बहुधा गरज नसते. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्याचा हिशोब असा की एक जंतुसंसर्ग टाळायला सुमारे १९ निरोगी लोकांना अँटिबायोटिक द्यावं लागतं, आणि त्यातही बहुतेक अभ्यास अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेवरचे. जुलाब, पुरळ, पुढच्या खऱ्या आजारात औषध न लागू पडणं हे सगळं त्या उरलेल्या १८ जणांच्या वाट्याला. चेहऱ्यावर सूज, ताप, पू, अनियंत्रित मधुमेह, हृदयात कृत्रिम झडप असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर जे देतील ते पूर्ण घ्यावं. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असताना दारू नाही, संपल्यावरही दोन-तीन दिवस नाही. पट्टीवरची लाल उभी रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा. मेडिकलवाल्यानं ‘हे घ्या, दाढेला चालतं’ म्हणून काढून दिली तरी ती रेघ पुसली जात नाही.

तेल, जेल आणि घरचे उपाय

लवंग तेलातलं युजेनॉल खरोखरच बधिरपणा आणतं. किडलेल्या दाताच्या पोकळीत कापसावर एक थेंब ठेवला तर कळ थांबते, ही आजीची विद्या खोटी नाही. पण तोच थेंब ताज्या खड्ड्यात सोडला की उघडं मांस आणि हाड भाजतं, जखम मागे पडते. म्युकोपेन, डोलोजेल, झायटी ही जेलं तोंड आल्यावर लावायची आहेत, वरच्या त्वचेपुरती. खड्ड्याच्या ठणक्यापर्यंत ती पोचत नाहीत. म्युकोपेनमधलं बेंझोकेन दोन वर्षांखालच्या मुलाला कधीच लावू नये.

हळद, तुरटी, कात, राख यांतलं काहीही खड्ड्यात भरू नये. पावडरीचे कण आत राहतात. मिश्री आणि तंबाखू तर त्याहून घातक. गावाकडे दात दुखतो म्हणून मिश्री लावणाऱ्या बायका दाढ काढल्यावरही त्याच बोटानं हिरडी चोळतात. एकाच वेळी गुठळी उखडते, निकोटिननं रक्तवाहिन्या आखडतात आणि घाण आत जाते. सिगारेटवाल्यांना निदान तीन दिवस, जमल्यास आठवडा बंद ठेवावी लागते.

एक वस्तू मात्र क्वचितच कुणी सुचवतं: १० मिलिलिटरची साधी सिरिंज, सुई काढून. खालच्या अक्कलदाढेच्या खड्ड्यात भाताची शितं, डाळ, तीळ जाऊन बसतात, कुजतात आणि आठव्या-दहाव्या दिवशी दुर्गंधी आणि ठसठस सुरू होते. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर, पाचव्या ते सातव्या दिवसापासून, कोमट मीठ-पाण्याची हलकी धार खड्ड्याच्या कडेनं सोडली की सगळं बाहेर येतं. खड्डा भरेपर्यंत रोज रात्री एकदा. पाचव्या दिवसाआधी धार मारली तर गुठळीच निघेल. दात धुवायचं विजेवरचं वॉटर फ्लॉसर या जागी नको, त्याचा दाब फार.

ड्राय सॉकेट: इथे मेडिकल उपयोगाचं नाही

सगळ्या पिशवीतून जी गोष्ट सुटते ती ही. गुठळी निघाली किंवा विरघळली तर खड्ड्यातलं हाड उघडं पडतं. साध्या दाढांत शंभरात एक ते पाच जणांना, खालच्या अक्कलदाढेत त्याहून बऱ्याच जास्त लोकांना हा त्रास होतो. १८९६ साली क्रॉफर्ड यांनी तो नोंदवला. नेमकं कारण आजही पुरतं सुटलेलं नाही, तरी जबर ओढाताण करून काढलेली दाढ, धूम्रपान आणि गर्भनिरोधक गोळ्या यांनी धोका वाढतो एवढं पक्कं. ओळखायची खूण वेळापत्रकात आहे. साधं दुखणं पहिल्या दिवशी जास्त आणि मग रोज कमी. ड्राय सॉकेट दोन दिवस बरं वाटून तिसऱ्या-चौथ्या दिवशी उसळतं, कानशिलापर्यंत आणि कानात जातं, गोळ्यांना दाद देत नाही. तोंडाला घाण वास, वाईट चव, आणि आरशात बघितलं तर खड्डा रिकामा, तळाशी राखाडी-पांढरं हाड. ताप आणि पू बहुधा नसतो, कारण हा जंतुसंसर्ग नव्हे.

त्यामुळे अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स म्हणजे रोग रेड्याला, औषध पखालीला. उपाय खुर्चीतलाच: खड्डा सलाइननं हळूच धुवायचा आणि त्यात युजेनॉल असलेली औषधी पट्टी ठेवायची. दवाखान्यात अल्व्होजिलची डबी दिसते, तपकिरी, धागेदार, लवंगेच्या वासाची. ताज्या जखमेवर घातक असलेलं युजेनॉल इथे मात्र उपयोगी, कारण उघड्या हाडाची कळ थांबवायची असते आणि पट्टी मोजून, बघून ठेवली जाते. तासाभरात माणूस माणसांत येतो. पट्टी एक-दोन दिवसांनी तपासून गरजेप्रमाणे बदलतात. ड्राय सॉकेट स्वतःहूनही एक-दोन आठवड्यांत शमतं, पण ते दिवस विनाकारण सोसायचे कशाला? आयोडीनची ॲलर्जी असेल तर पट्टी ठेवण्याआधी सांगावं. ही डबी घरी आणून आपल्या हातानं भरायची नाही, पट्टी आत विसरली तर तीच जखम अडवते.

पंधरा दिवसांनंतरही दुखत असेल तर

इथून पुढे पिशवीचं काम संपतं आणि डोळस तपासणीचं सुरू होतं. सगळ्यात वारंवार सापडणारं कारण तसं किरकोळ: हाडाचा बारीक कपचा. हिरडीतून काहीतरी टोचतं, जिभेला सुईसारखं लागतं, आणि वाटतं दाताचा तुकडाच राहिला. शरीर तो कपचा आपणहून बाहेर ढकलतं, बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. हलत असेल तर डॉक्टर चिमट्यानं काढतात, रुतलेली कड असेल तर घासून गुळगुळीत करतात. मुळाचा तुकडा खरंच राहिला का, हे त्या जागेच्या छोट्या एक्स-रेमध्ये कळतं. एक्स-रे न काढता ‘काही नाही, बरं होईल’ म्हणणाऱ्या ठिकाणी पैसे वाया घालवू नयेत.

दुसरं कारण शेजारी. दाढ ओढताना पुढच्या दाढेवर जोर येतो, जुनी सिमेंट सुटते, किंवा तिची लपलेली कीड आता उघडी पडते. थंड पाण्यानं कळ येत असेल तर बोट खड्ड्याकडे न दाखवता त्या दाढेकडे दाखवावं. खड्ड्याला थंडी-गरमी कळत नाही.

तोंड उघडत नसेल तर बहुधा भुलीची सुई जबड्याच्या स्नायूतून गेलेली असते. तीन बोटं उभी आत गेली तर उघडणं ठीक. तिसऱ्या दिवसापासून शेक आणि हळूहळू ताण, आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून रोज एक वाढवत, एक-दोन आठवड्यांत सुटतं. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांचं तोंड आधीच कमी उघडत असतं आणि ते पहिल्यांदा दाढेच्या निमित्तानं लक्षात येतं. तो आजार निराळा, गालाची आतली त्वचा ताठ होण्याचा, आणि त्याची तपासणी लांबवू नये.

ओठ किंवा हनुवटी दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. खालच्या अक्कलदाढेची मुळं जबड्यातल्या मज्जातंतूला लागून असतात. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परतते, पण किती भाग बधिर होता याची पहिली नोंद लवकर झालेली बरी. वरची दाढ काढल्यावर चूळ भरताना पाणी नाकातून आलं तर सायनसशी, म्हणजे वरच्या दाढांच्या वर असलेल्या हवेच्या पोकळीशी, वाट झाली असं समजावं. नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, आणि डॉक्टरांना गाठायचं. छोटं भोक आपणहून मिटतं, मोठं शिवावं लागतं.

विजेचा झटका बसल्यासारखी, काही सेकंदांची, वाऱ्यानं किंवा ब्रश लागल्यानं उठणारी कळ असेल आणि एक्स-रे स्वच्छ असेल, तर पुढची दाढ काढायला सांगणाऱ्यापासून दोन पावलं मागे. हे चेहऱ्याच्या मज्जातंतूचं दुखणं असू शकतं, त्यात चांगले दात एकामागून एक काढले जातात आणि कळ तिथेच राहते.

आणखी दोन परिस्थितींत थांबू नये. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला अलेंड्रोनेट किंवा वर्षाला झोलेड्रोनिक ॲसिड घेणाऱ्या व्यक्तीचा खड्डा भरत नसेल, हाड उघडं दिसत असेल, तर जबड्याचं हाड मृत होण्याची शक्यता तपासावी लागते. आठ आठवडे उघडं राहिलं की निदान जवळपास ठरतंच, पण तोवर वाट बघू नये. आणि तंबाखू खाणाऱ्याचा खड्डा तीन-चार आठवड्यांत न मिटता उलट मांस वाढलं, कडा ताठ झाल्या, तर तुकडा तपासणीला पाठवायला स्वतः सांगावं. ‘दाढ काढल्यापासून जखम भरेना’ असं म्हणत आलेल्यांत मुळात कॅन्सरनंच दाढ हललेली असण्याचे प्रसंग दंतवैद्यांना नवे नाहीत. जबड्याखाली किंवा जिभेखाली कडक सूज, गिळायला त्रास, आवाज बदलणं, श्वास अडकणं, असं काही असेल तर दंतवैद्याची वेळ बघायची नाही, रात्री असो वा पहाटे, मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं.

कुठे दाखवावं? चांगल्या क्लिनिकची ओळख दाढ काढण्याआधीच पटते. एक्स-रे समोर धरून मुळं दाखवतात, चालू औषधं विचारतात, सूचना मराठीत लिहून देतात, रात्रीसाठी फोन नंबर देतात आणि टाके असतील तर काढायची तारीख लिहितात. रेशमी टाके साधारण सातव्या दिवशी काढावे लागतात, विरघळणारे काढावे लागत नाहीत, हे न सांगणाऱ्या ठिकाणी रुग्ण महिनाभर दोरा चघळत बसतो. पंधरा दिवसांनंतरच्या गुंतागुंतीच्या दुखण्याला दंत महाविद्यालय बरं पडतं. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय महाविद्यालयं. शस्त्रक्रिया, एक्स-रे, तोंडाच्या आजारांचा विभाग एकाच छपराखाली, खर्च खाजगीच्या मानानं फारच कमी. रांग मात्र लांब आणि केसपेपर सकाळीच काढावा लागतो. जुने एक्स-रे आणि सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत न्याव्यात.

शेवटी बिलात अलीकडे दिसणारी एक ओळ: खड्ड्यात भरायची हाडाची पावडर. विकणारे ती प्रत्येक दाढेला सुचवतात. दात गेल्यावर जबड्याच्या त्या जागेची रुंदी वर्षभरात जवळपास निम्मी घटते, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून तिथे पुढे इम्प्लांट (हाडात रोवायचा कृत्रिम दात) बसवायचं नक्की असेल तर पावडरीचा खर्च समजण्यासारखा, झीज पूर्ण थांबत नसली तरी कमी होते. शेजारच्या दातांवर टेकणारा पूल (ब्रिज) बसवायचा असेल तर क्वचित, आणि अक्कलदाढेच्या खड्ड्यात जवळपास कधीच नाही. भरायची की नाही हे दाढ निघण्याआधी ठरवावं लागतं. भूल दिलेल्या तोंडानं, खुर्चीत आडवं पडून मान डोलावून नव्हे.